उजव्या हाताचं पाणी

नदी जिथून निघते तिथं बघण्यासारखं काही नाही. डोंगराच्या कुशीत एक ओला खळगा, शेवाळलेले दगड, आणि दगडांतून झिरपणारं इतकं थोडं पाणी की ओंजळ भरायची तर धीर धरावा लागतो. शेजारी एक लोखंडी खांब. सायकलमार्गाचा पहिला बाण त्या खांबावर. इथून नदी समुद्रापर्यंत जाते, नदीला धरून सायकलवाल्यांची वाट जाते, आणि त्या वाटेवरचा प्रत्येक बाण एकाच माणसाच्या हातचा होता.

घरी त्याला नाव होतं, पण वाटेवर तो रंगारी. सायकलवाले त्याला बाणकाका म्हणायचे आणि त्याच्या बायकोला लाटकाकू, कारण काम दोघांत तसंच वाटलेलं होतं. तो पुढं. खांब आला की उतरायचं, खरवडणीनं जुन्या रंगाचे पोपडे काढायचे, पत्र्याचा साचा टेकवायचा आणि पांढरा बाण उठवायचा. ती मागून. तिच्या सायकलीला एक छोटा गाडा जोडलेला, त्यात डबे, चिंध्या, तंबू, चहाची किटली. बाणाचे ओघळ टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसायचे आणि बाणाखाली निळ्या रंगाची एक लाट काढायची. लाटेला साचा नव्हता. नुसतं मनगट एकदा वर, एकदा खाली, एकदा वर.

बाण म्हणजे इकडं जा. लाट म्हणजे आम्ही दोघांनी बघितलंय, वाट ठीक आहे. नुसत्या बाणावर शहाणा सायकलवाला विसंबत नसे. खडूनं बाण कुणीही काढतं. लाट दिसली की मात्र डोळे मिटून वळायचा.

थंडी सरली की, सायकलवाले सुटायच्या आधी, दरवर्षी दोघं डोंगरातून समुद्राकडं उतरायची. लग्नानंतर थोड्याच दिवसांत हे काम मिळालं, ते आजतागायत. रंगाऱ्याचा नकाशावर विश्वास नव्हता. नवख्या लोकांना तो सांगायचा, "तो कागद खिशात ठेवा. पाणी उजव्या हाताला ठेवा. समुद्र कुठं पळून जात नाही." आणि ते खरंच होतं. वाट वरपासून खालपर्यंत एकाच काठानं जायची. उजव्या हाताला पाणी असलं की झालं.

यंदा पहिल्या खांबापाशी तो वाकला असताना तिचा फोन वाजला. लेकीचा.

"पोचलात?"

"पोचलो. तुझे बाबा खांब खरवडतायत."

"खांब ओळखला?"

"खांबाला काय ओळखायचंय? एकच तर आहे."

लेक हसली नाही. औषधांच्या दुकानात दिवसभर आजारी माणसांशी बोलून तिचा आवाज सपाट झाला होता. "आई, थट्टा नको. किटलीत टर्पेंटाइन ओतलं होतं त्यांनी. मी आले नसते तर तुम्ही दोघं ते प्यालाच असता."

"वास आला असता गं."

"ठरलंय ते लक्षात आहे ना?"

लक्षात नसून कसं चालेल? हिवाळ्यात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मायलेकींनी ठरवलं होतं, तेव्हा रंगारी दारात उभा राहून बूट कुठल्या पायातला ते बघत होता. चूक न होता समुद्र गाठला, तर दोघांनी नदीकाठच्या आपल्या घरात राहायचं, लेकीनं तोंड उघडायचं नाही. काही झालं, तर आईनं लपवायचं नाही, स्वतः फोन करायचा. मग ते घर बंद. बाबा लेकीकडं, चौथ्या मजल्यावर, दिवसा ज्या ठिकाणी अशी माणसं सांभाळतात तिथं त्यांचं नाव घालायचं. आणि आई? आई जिथं बाबा तिथं.

"लक्षात आहे," ती म्हणाली.

"तू फोन करशील ना? खरंच?"

"करेन म्हटलं ना!" ती फटकन बोलली, आणि फोन ठेवून बोळा पिळत राहिली. त्यातून थेंबसुद्धा निघत नव्हता.

वरच्या टप्प्यात सगळं बरं चाललं. ओढा झाला, ओढ्याची नदी झाली, नदीनं आवाज खाली आणला. रंगाऱ्याचे हात कामात असले की डोकं त्यांच्या मागोमाग चालायचं. साचा, ब्रश, एक पाऊल मागं, एक डोळा बारीक. उतारावर तो पाय सोडून द्यायचा आणि त्याचा पांढरा सदरा वाऱ्यानं फुगायचा. मागून येता येता ती स्वतःशीच गुणगुणायची. तिच्या आईकडून तिला ही खोड लागली होती; हात चालू असले की ओळी आपोआप जुळायच्या.

पाणी निघालं खालती, माझ्या चाकाच्या संगती,
दोन्ही काठांची माणसं, कुठं भेटती बोलती.

पण संध्याकाळी, हात रिकामे झाले की, तो कुठंतरी जायचा. तंबूच्या दोरीकडं बघत राहायचा. एकदा म्हणाला, "आपली पोरगी झोपली का?" पोरगी पन्नाशीकडं झुकली होती. ती म्हणाली, "झोपली." त्यालाही बरं वाटलं, तिलाही.

मधल्या गावात, जिथं नदी रुंद आणि मातकट होते, तिथं एक खानावळीसारखं उतरायचं ठिकाण होतं. वर खोल्या, खाली लांब टेबलं. तिथं सकाळी दोन बाया भेटल्या. जावा जावा. दोघींनी नवऱ्यांना घरी सोडून सायकली काढल्या होत्या. थोरली ठेंगणी आणि करड्या आवाजाची, धाकटी उंच आणि सारखी खाणारी.

"तुम्हीच का ते?" धाकटी उकडलेलं अंडं सोलता सोलता ओरडली. "अहो ताई, हे बघा, बाणकाका! खरे आहेत!"

"खरे नसतील तर काय रबराचे असतील?" थोरली म्हणाली. "काका, हिच्याकडं लक्ष देऊ नका. माझ्या दिराची निवड आहे."

"आणि ह्यांना माझ्या सासूबाईंनी निवडलं. चष्मा लावायच्या आधी."

रंगारी हसला. बऱ्याच दिवसांनी पोटातून हसला. "नवऱ्यांनी कसं सोडलं तुम्हाला?"

"सोडलं कुठं? पळून आलो," थोरली म्हणाली. "दोघं भाऊ भाऊ एकमेकांना भात करून घालतायत. कच्चा."

"काकू, एक सांगा," धाकटीनं मीठ मागायला हात पुढं केला, "इतकी वर्षं ह्यांच्या मागं मागं सायकल चालवून कंटाळा नाही आला? नुसती पाठ बघायची?"

"पाठ बरी असते," ती म्हणाली. "पाठ कधी उलटून बोलत नाही."

जावा फिदीफिदी हसल्या. रंगाऱ्यानं पावाचा तुकडा उचलला, खिशातून खरवडणी काढली आणि तिनंच पावावर लोणी लावायला लागला. पात्यावर पांढऱ्या रंगाचे वाळके कण होते. धाकटीचं हसू अर्ध्यात थांबलं. लाटकाकूनं त्याच्या हातातून पाव अलगद काढून घेतला, दुसरा दिला, आणि सुरी त्याच्या बोटांत ठेवली. थोरलीनं चहा ओतला आणि विषय बदलला, "आज पूल ओलांडायचा ना, काकू? नवी वाट?"

तिथंच तर गोम होती. गेल्या साली पुरात गावाखालचा काठ ढासळला. जुनी वाट नदीत गेली. मार्गाच्या कार्यालयात साहेबानं नकाशावर बोट ठेवून दोघांना समजावलं होतं: गावाशेजारी नवा पादचारी पूल झालाय, तो ओलांडायचा, आणि तिथून समुद्रापर्यंत पलीकडच्या काठानं जायचं. रंगाऱ्यानं मान डोलावली होती. तिनंही घरी त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं. पूल संपला की डावीकडं पाणी. डावीकडं, बरं का. तो म्हणायचा, "अगं हो, किती वेळा? मी काय लहान आहे?"

पुलाच्या अलीकडं तिच्या गाड्याचं चाक बसलं. काच घुसली होती.

"मी थांबतो," तो म्हणाला.

ऊन कोवळं होतं, त्याच्या चेहऱ्यावर खानावळीतलं हसू अजून होतं, आणि तिला वाटलं, हात गरम आहेत तोवर चालू दे. थंड पडले की दुपारी त्रास देतील. "तुम्ही व्हा पुढं. पूल संपला की काय?"

"पाणी डावीकडं," तो म्हणाला, पाठ केलेल्या पोरासारखा, आणि टांग टाकून निघून गेला.

पंक्चर काढायला वेळ लागला. ठिगळ नीट बसेना. शेवटी हवा भरून ती पूल चढली. खाली नदी जड, कुठं चाललीय हे न दाखवणारी. पुलाच्या पलीकडच्या टोकाला खांब होता, आणि खांबावर ताजा, ओला, सुरेख बाण. ओघळ एकही नाही. तिला बरं वाटलं. तिनं निळा डबा उघडला, मनगट फिरवलं, लाट काढली, आणि बाण दाखवत होता तिकडं वळली.

बाणाचं तोंड बरोबर दिशेला आहे का हे तिनं बघितलं नाही. इतक्या वर्षांत ते बघायची वेळच आली नव्हती. तो बाण काढायचा, ती लाट काढायची. त्याच्या बाणाची खात्री करायची म्हणजे काय हे तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं.

पुढच्या विजेच्या खांबावर लाट काढली. त्याच्या पुढच्या भिंतीवर काढली. मग वाटेला दोन फाटे फुटले. एक रुंद, वरच्या अंगानं शेतांतून. दुसरा पाण्याला चिकटून, जिथं वाळू उपसणाऱ्या यंत्रांनी काठ खाल्ला होता आणि वाट मध्येच तुटून खाली दगडांत जात होती. बाण पाण्याकडच्या फाट्यावर होता. तिनं खाली उतरून, गाडा सोडवून, सायकल हातानं ढकलत तो तुटका भाग पार केला, मनात म्हणाली, इथं आता एक धोक्याची पाटी लावायला हवी. आणि मागं येऊन त्या फाट्यावरच्या बाणाखालीही लाट काढली.

मग ती पाण्याकडं बघत उभी राहिली. पाण्यावरून एक प्लास्टिकची रिकामी बाटली येत होती. समोरून. तिच्याकडं.

बाटली तिच्या शेजारून हळूहळू मागं निघून गेली, ती जिथून आली होती तिकडं, पुलाकडं, समुद्राकडं. आणि तिला कळलं की नदी तिच्या उजव्या हाताला आहे.

पूल ओलांडल्यावर त्याच्या हातानं उजवीकडं पाणी शोधलं होतं. उजवीकडं पाणी हवं तर या काठावर एकच दिशा उरते. वर. डोंगराकडं. तो उगमाकडं परत निघाला होता, आणि खांबाखांबावर लोकांना सांगत होता की माझ्यामागून या.

तिनं गाडा पलीकडं नेऊन पुन्हा जोडला आणि पायडल मारले. गाडा मागं खडखडत होता.

तो एका पंपघरापाशी सापडला. भिंतीवर साचा टेकवून, जीभ दातांत धरून, बाण भरत होता. तिची चाहूल लागली तसा वळला, आणि त्याच्या चेहऱ्याकडं बघून तिच्या तोंडातले शब्द तिथंच राहिले. हा चेहरा तिनं कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. सगळा जागेवर होता. डोळ्यांच्या मागं माणूस होता.

"आलीस? बघ, किती झाले. आज हात असा चाललाय की काही विचारू नकोस."

"अहो..."

"आणि एक गंमत बघ." त्यानं ब्रशनं नदीकडं दाखवलं. "आज पाणी उलटं चाललंय."

तिनं सायकल भिंतीला टेकवली.

"खाली कुठंतरी अडवलं असणार. दरवाजे लावले असतील. नदी फुगली की मागं सरकते. मीही आधी गोंधळलो. मग म्हटलं, नदी चुकेल गं, आपण कशाला चुकायचं?"

सांगायला दोन शब्द लागले असते. ती दोन शब्द तोंडात घेऊन उभी राहिली. सांगितलं की हा चेहरा विझणार होता, आणि पुन्हा पेटेल याची शाश्वती कुणी दिली नव्हती. सांगितलं की झालेली चूक खरी होणार होती, आणि चूक खरी झाली की फोन, आणि फोन झाला की चौथा मजला. अजून तर कुणी बघितलं नव्हतं. टर्पेंटाइन होतं, चिंध्या होत्या. हा चहा पीत बसला की मागं जाऊन सगळं पुसून येता येईल. जावा अजून खानावळीतच खात बसल्या असतील, बाकी लोक आज कुठले येतायत?

"एवढा भरून घ्या," ती म्हणाली. "मग चहा टाकते."

त्यानं तो भरला. मग म्हणाला, पुढचं झाड पण करून टाकू, हात गरम आहे. तिनं त्याला झाड करू दिलं. तो पुढं सरकला की ती मागून ओला बाण पुसायची. पांढरा रंग बोळ्यात यायचा, बोटांना लागायचा. तो पुढं काढत होता, ती मागं पुसत होती, ऊन वर चढत होतं. तो चक्क शीळ वाजवत होता. तिच्या आयुष्यातली ही एक सकाळ होती, आणि ती तिनं चोरून घेतली.

चहाचं पाणी उकळत असताना मागून शिट्टी ऐकू आली. सायकलवाले अडचणीत वाजवतात ती. मग ओरडणं. करडा आवाज.

ती धावत सुटली. तुटक्या काठापाशी थोरली जाऊ गुडघ्यावर बसली होती. खाली दगडांत धाकटी पडली होती, तिचा एक हात भलत्याच बाजूला गेलेला, सायकलीचं पुढचं चाक वाकून पानासारखं झालेलं. धाकटी रडत नव्हती. नुसती म्हणत होती, "ताई, मला खाली बघू देऊ नका. ताई, मला बघू देऊ नका."

"बघू नकोस. माझ्याकडं बघ. माझ्याकडं बघण्यासारखं काही नाही, तरी बघ," थोरली म्हणत होती, आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

दवाखान्याची गाडी येईपर्यंत त्या तिघी दगडांत बसून राहिल्या. लाटकाकूनं आपला दुपट्टा फाडून हात बांधला. खांद्याजवळचं हाड तुटलं होतं, मनगटही. स्ट्रेचर वर चढवलं तेव्हा थोरली तिच्याकडं वळली. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"काकू, लाट होती हो," ती म्हणाली. "नुसता बाण असता तर मी नकाशा काढला असता. हिला म्हटलंसुद्धा, बाई गं, पाणी उलटं दिसतंय. ही म्हणाली, लाट आहे ना, मग गप चला."

गाडी गेली. रंगारी केव्हाचा येऊन फाट्यावरच्या बाणापाशी उभा होता. साचा काखेत. त्यानं नदीकडं पाहिलं, बाणाकडं पाहिलं, पुन्हा नदीकडं. कपाळाला आठ्या पडल्या.

"कुणी काढलाय हा?" तो म्हणाला. "कुठल्या गाढवाचं काम आहे हे? माणूस मेलं असतं इथं. आपला नाही हा."

"मी काढला," ती म्हणाली.

"तू? तू बाण कधीपासून काढायला लागलीस?"

"आजच."

तो तिच्याकडं बघत राहिला. मग त्याचा आवाज मऊ झाला. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, रंगाचा. "जाऊ दे. पहिलाच दिवस आहे. शिकशील."

तिनं त्याला पुलाजवळच्या बाकावर बसवलं, हातात चहा दिला, आणि थोडं लांब जाऊन फोन लावला. लेकीनं लगेच उचलला, जणू हातातच धरून बसली होती.

"ये," ती म्हणाली. एवढंच. आणि पूल कुठला ते.

लेक येईपर्यंत ती पुसत राहिली. पुलापासून पंपघरापर्यंत, वाळलेलं होतं ते खरवडून, ओलं होतं ते बोळ्यानं. लाटा पुसायला जास्त वेळ लागला. निळा रंग जुन्या लोखंडात शिरतो.

उतरत्या दुपारी लेकीची मोटार पुलाशी थांबली. सायकल टपावर चढवताना रंगारी म्हणाला, "सावकाश, आरे मोडतील." लेकीला त्यानं ओळखलं. ओळखून म्हणाला, "किती वाळलीस तू. जेवतेस की नाही?" लेक गाडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ टपावरची दोरी आवळत राहिली. दोरी कधीच घट्ट झाली होती.

"तू पण बस, आई."

"मी येते मागून."

"म्हणजे?"

"खाली एकही खूण नाही. नव्या काठानं कुणी गेलंच नाही अजून. लोक सुटतील आता. त्यांनी काय करायचं?"

"आई, ती बाई पडली म्हणून तू स्वतःला शिक्षा..."

"शिक्षाबिक्षा काही नाही. काम आहे." तिनं रंगाऱ्याच्या काखेतून पत्र्याचा साचा काढून घेतला. त्यानं दिला. कशासाठी ते विचारलं नाही. त्यानं ते न विचारणंच तिला सगळ्यात जास्त लागलं. "संपलं की येते तुझ्याकडं. त्यांना रात्री दिवा लागतो. आणि चहात साखर विचारू नकोस, नको म्हणतात आणि मग पीत नाहीत. दोन घाल."

"माहितेय मला."

"हो. तुला माहीत असणारच."

मोटार गेली. तिनं गाड्यात पांढरा डबा वर ठेवला, निळा खाली, आणि पाणी डाव्या हाताला घेऊन निघाली.

तिचे बाण चांगले नव्हते. साचा हलायचा, कडा फुटायच्या, ओघळ यायचे. ओघळ पुसायला मागून कुणी येत नव्हतं, तेव्हा तीच एक पाऊल मागं व्हायची, बघायची, पुसायची, मग लाट काढायची. प्रत्येक लाटेआधी बाणाचं तोंड बघायची. मग पाण्याचं. मग पुन्हा बाणाचं. गुणगुणायला ओठ उघडले तरी ओळ येत नव्हती. पुढं पाठच नव्हती. पुढं नुसता रस्ता होता, पोत्यांची गोदामं, नांगरून टाकलेल्या होड्या, मासळीचे रिकामे खोके, आणि आभाळ हळूहळू नदीवर टेकत चाललेलं. रोज संध्याकाळी लेकीचा फोन यायचा. बरे आहेत. जेवले. खिडकीशी बसतात. तुझं कुठवर? ती गावाचं सांगायची आणि लेक म्हणायची, अच्छा.

शेवटी काठ संपला. म्हणजे संपला असं तिला वाटलं. नदी इतकी पसरली होती की पलीकडचा काठ नुसती एक करडी रेघ उरला होता. समोर चिखल, चिखलात पक्ष्यांच्या पायांचे ठसे, आणि पुढं पाण्याला रंगच नाही. नदी कुठं संपते आणि समुद्र कुठं सुरू होतो हे कुठं लिहिलेलं नव्हतं. कार्यालयानं एक नवा खांब आणून नुसता आडवा टाकून ठेवला होता. शेवटचा खांब पावसाळ्यात वाहून जायचाच; नवा रोवायचा कुठं ते रंगाऱ्यानं दाखवायचं, असा दरवर्षीचा शिरस्ता. ती दरवर्षी मागून पोचायची तेव्हा जागा ठरलेलीच असायची.

तिनं फोन लावला. "बाबांना दे जरा," ती लेकीला म्हणाली.

फोन हातातून हातात गेला. मागं कुठंतरी भांडी वाजत होती. मग त्याचा श्वास.

"हॅलो," ती म्हणाली. "अहो, मी पोचले. खाली. शेवटचा खांब कुठं रोवायचा?"

"पाणी चाखायचं," तो लगेच म्हणाला. आवाज स्वच्छ होता, कामावरचा. "बोट बुडवून जिभेला लावायचं. खारट लागलं की तिथंच. गोडं लागलं तर पुढं जायचं. भरती असेल तर थांबायचं, भरतीचं पाणी खोटं बोलतं."

"बरं."

"तुम्ही नवीन आहात का, ताई?"

तिनं चिखलाकडं पाहिलं. एक पक्षी ठशांवर ठसे टाकत चालला होता.

"हो," ती म्हणाली. "नवीन आहे."

"मग एक ऐका. खांब रोवून घ्या, पण शेवटच्या खांबावर बाण काढू नका. तिथून माणसानं कुठं जायचंय? नुसती लाट काढायची असते. पण ती तुम्ही नका काढू. ती माझी बायको काढते."

"असं?"

"हो. तिच्यासारखी कुणाला येत नाही. थांबा तिथंच, मागून येतेच आहे ती. जरा हळू येते, गाडा जड असतो तिचा. पण येते."

"बरं," ती म्हणाली. "थांबते मी त्यांच्यासाठी."

"चहा घ्या तोवर," तो म्हणाला, आणि फोन कुणीतरी त्याच्या हातातून काढून घेतला.

तिनं बोट पाण्यात बुडवलं, जिभेला लावलं. खारट होतं. भरती होती की ओहोटी ते तिला सांगता येईना. तिनं निळा डबा उघडून खांबाशेजारी ठेवला, ब्रश त्यावर आडवा, आणि ज्या वाटेनं आली होती त्या वाटेकडं तोंड करून ती आडव्या खांबावर बसली. वाटेवर कुणी नव्हतं. वारा पाण्यावरून येत होता. डब्यातल्या रंगावर हळूहळू साय धरायला लागली.